उसनी पत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘नोकरी-व्यवसायात आपलं नाव कसं कमवावं’ या विषयावर बोला, असा निरोप आला तेव्हा मी जरा बिचकलोच. मी कविता लिहिणारा माणूस. कवींची या बाबतीतली ख्याती आपल्याला ठाऊक आहे. सहाच्या कविसंमेलनाला साडेसातला पोहोचायचं आणि मिळालेली पाच मिनिटं वीस मिनिटं करायची, ही आमची रीत. पण कवितेवर घर चालत नाही. बी.ए. झाल्यावर पोटासाठी मी सोलापुरातल्या एका सुताच्या पेढीवर कारकुनी केली, ती चांगली सत्तावीस वर्षं. कोणाची पत किती, हे रोज सकाळी वही उघडून पाहायचं, हेच माझं काम होतं. तेव्हा आज बोलणार आहे तो कवी नव्हे, पेढीवरचा कारकून, असं समजा.

मागच्या वर्षी माझा भाचा घरी आला. तोंड उतरलेलं. आपल्या सोलापुरात आता चादरीइतकंच गणवेश शिवण्याचं कामही वाढलं आहे. त्यातल्याच एका कारखान्यात तो सात वर्षं कटिंगचं काम करत होता. आता स्वतःची चार मशिनं टाकायची म्हणून बँकेत दोन लाखांचं कर्ज मागायला गेला. मला म्हणाला, “मामू, बँकवाला बोलता, तुम्हारा स्कोरच नहीं बोलके.”

मला वाटलं, कुठेतरी हप्ता चुकवला असेल. तसं नव्हतं. त्याने आयुष्यात कर्जच काढलं नव्हतं. मोबाइलसुद्धा रोखीने घेतलेला. सिबिल नावाची संस्था २००० साली आपल्या देशात सुरू झाली. कर्ज घेणाऱ्याची फेड कशी आहे यावरून ती तीनशे ते नऊशेच्या दरम्यान एक आकडा देते. साडेसातशेच्या वर आकडा असला की बँकवाला खुर्ची पुढे करतो. पण ज्याने कधी कोणाचं देणंच ठेवलं नाही, त्याला आकडाच नसतो. चोख माणूस, आणि कागदावर अनोळखी! बँकेने त्याला जामीनदार आणायला सांगितलं होतं, म्हणून तो माझ्याकडे आला होता. मी त्याला लगेच हो म्हटलं नाही. का नाही, ते सांगण्यासाठी मला जरा मागे जावं लागेल.

आमचे आजोबा जुन्या गिरणीत कामाला होते. मोरारजी गोकुळदासांनी काढलेली ही गिरणी १८७७ साली सुरू झाली. कागदोपत्री तिचं नाव सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. गिरणीचा भोंगा वाजला की नुसते कामगारच उठत नसत, वाण्याचं दुकानही उठायचं. कामगाराला किराणा उधार मिळायचा तो भोंग्याच्या जोरावर. पगाराचा दिवस ठरलेला, तसा वाण्याचाही ठरलेला. ऑगस्ट १९४९ मध्ये गिरणी बंद पडली. माल पडून आहे, पैसा नाही, असं चालकांनी सांगितलं. हजारो माणसं घरी बसली. जानेवारी १९५० मध्ये भारत सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला. गैरकारभारामुळे हे करावं लागतं आहे, असं त्यातच नमूद होतं. चिरंजितलाल चौधरी नावाचे एक भागधारक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालयाने बहुमताने सरकारच्या बाजूने निकाल दिला. कायद्याचे विद्यार्थी आजही तो निकाल वाचतात. सोलापूरचं नाव त्यांच्या वहीत आहे ते असं.

आमच्या घरात मात्र या प्रकरणातली वेगळीच गोष्ट सांगितली जायची. गिरणीची पत गेली, तशी एका रात्रीत कामगाराचीही गेली. ज्याने वीस वर्षांत एकदाही वाण्याचे पैसे बुडवले नाहीत, त्यालाही दुकानात “आता रोखीने” असं ऐकावं लागलं. वाण्याची तरी काय चूक? त्याने उधार दिलं होतं ते भोंग्याला, माणसाला नव्हे. पुष्कळांनी त्या दुकानावरून जाणं सोडलं, दुसऱ्या गल्लीने जाऊ लागले. आजोबा मात्र दर शनिवारी त्याच दुकानात जायचे. खिशात काही नसताना. “शेठ, अजून गिरणी सुरू नाही. तुमचे बेचाळीस रुपये माझ्याकडे आहेत,” एवढं सांगून परत यायचे. अब्बा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे, ते सोबत असायचे. त्यांना त्या गोष्टीची फार लाज वाटायची. पैसे नाहीत हे सांगायला कोणी चालत जातं का? पण सहाव्या की सातव्या शनिवारी वाण्याने न मागता ज्वारीची पिशवी पुढे सरकवली. अब्बा म्हणायचे, ती ज्वारी मी आयुष्यभर विसरलो नाही, पण त्याआधीचे सहा शनिवारही विसरलो नाही.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती. तिचा अर्थ कळला तो पेढीवर.

आमची पेढी सूत विकायची. यंत्रमागवाले महिन्या-दीड महिन्याच्या उधारीवर सूत न्यायचे, रंगवायचे, चादरी विणायचे. चादरी परगावच्या व्यापाऱ्याकडे जायच्या आणि त्याचे पैसे आले की सुताचे पैसे आमच्याकडे यायचे. या साखळीत एक कडी अडली की मागच्या सगळ्या अडतात. त्यामुळे उशीर सगळ्यांनाच व्हायचा. शेठ त्याबद्दल चिडत नसत. पूर्व भागातला एक चार मागांचा मालक होता. मुदत संपायच्या आदल्या दिवशी तो सायकलवर यायचा आणि सांगायचा, “उद्या जमत नाही. पंधरा दिवस द्या.” शेठ त्याला पंधरा दिवसही द्यायचे आणि वर नवीन सूतही. दुसरा एक मोठा कारखानदार होता, मोटार असलेला. तो पैसे बुडवायचा नाही, पण दर वेळी आमच्या माणसाने पाच फेऱ्या मारल्याशिवाय द्यायचाही नाही. मालक झोपलेत, मालक बाहेरगावी गेलेत, चेकबुक संपलं. त्याला शेठ रोखीशिवाय गाठीला हात लावू देत नसत.

मी नवा होतो. मला हा उफराटा न्याय वाटला. विचारलं तेव्हा शेठ म्हणाले, “जो आधी येऊन सांगतो, त्याच्यामुळे माझं किती नुकसान होणार ते मला मोजता येतं. जो लपतो त्याचं मोजता येत नाही.”

आजच्या त्या आकड्याबद्दल माझी एवढीच तक्रार आहे. हप्ता किती दिवस उशिरा आला, ते त्यात बरोबर नोंदलेलं असतं. पण कोण आदल्या दिवशी सायकलवर येऊन सांगून गेला आणि कोणी फोन बंद ठेवला, ते त्याला कळत नाही. दोघांचा उशीर पंधरा दिवसांचाच. अर्थात यंत्राला जात-धर्म, गल्ली, बोली यांचंही काही कळत नाही, हा त्याचा गुण मी नाकारणार नाही. आमच्या काळी उधारी या चार गोष्टी पाहूनच मिळायची.

मी पेढीवर लागलो ते साल १९९२. त्या डिसेंबरनंतरचे दिवस आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. रोज अकराच्या सुमारास बँकेत रोकड भरायला मी जायचो. त्या दिवसांत एकदा शेजारचे एक दुकानदार आले, शेठना बाजूला घेऊन हळू आवाजात काही बोलले आणि जाताना माझ्याकडे न बघता गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण अंदाज यायला ऐकावं लागतंच असं नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. मी मान खाली घालून खतावणी करत होतो. शेठनी हाक मारली, “कवी, बँकेत जाऊन या.” रोजच्यापेक्षा जरा मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बस, एवढंच. त्यांची मातृभाषा तेलुगू, वही मराठीत आणि माझ्याशी बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मला चिडवायला म्हणायचे, “जमा, बाकी, कर्ज, वसूल, जामीन, दलाल, सगळे शब्द तर तुमचेच आहेत. आमचं काय, फक्त सूत!” मी म्हणायचो, शब्द अरबस्तानातून आले असतील, पण आता ते मराठी आहेत, माझ्यासारखेच.

त्या दिवशी मी ती रक्कम बँकेत तीनदा मोजली. माझी स्वतःची पत तेव्हा काही नव्हती, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. शेठनी आपल्या पतीतली थोडी मला उसनी दिली होती, आणि तीही शेजाऱ्यांच्या देखत.

आता पुढचं सांगायला मला आजही जड जातं. त्या उसन्या पतीचं मी काय केलं? १९९५ साली पेढीवर वसुलीसाठी मुलगा हवा होता. आमच्याच मोहल्ल्यातला, माझ्या मित्राचा धाकटा भाऊ रिकामा होता. मित्राने गळ घातली. शेठनी मला विचारलं, “मुलगा कसा आहे?” मी म्हटलं, “चांगला आहे.” तो मटका खेळतो हे मला माहीत होतं. कामाला लागला की सुटेल, असं मी मनाशी धरलं. खरं सांगायचं तर मित्राला नाही म्हणण्याचा कंटाळा केला. पाच महिन्यांनी तो वसुलीचे अकरा हजार रुपये घेऊन नाहीसा झाला.

मी शेठना सांगितलं, हे पैसे माझ्या पगारातून कापा. ते नको म्हणतील असं कुठेतरी वाटत होतं. ते नको म्हणाले नाहीत. माझा पगार तेव्हा बाराशे. महिन्याला तीनशे कापले. सदतीस हप्ते झाले, शेवटचा दोनशेचा. बायकोने त्या काळात शिलाई करून घर ओढलं. तिने एकदाही टोमणा मारला नाही, असं मी म्हटलं तर ती हे भाषण ऐकून हसेल.

पैसे फिटले. पण एक गोष्ट थांबली होती. शेठ मला माणसांबद्दल काही विचारेनासे झाले. बँकेत पाठवत, किल्ल्या देत, हिशोब माझ्यावर सोडत. फक्त “अमुक माणूस कसा आहे?” हा प्रश्न बंद झाला. कोणाला सूत उधार द्यायचं, कोणाला कामावर घ्यायचं, ही बोलणी मी चहा आणायला गेलो की व्हायची. माझ्या हातावर त्यांचा विश्वास होता, माझ्या शब्दावर राहिला नव्हता. आणि मी तर शब्दांचा माणूस! बाहेर माझ्या कविता छापून येत होत्या. १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आपल्या सोलापुरातच झालं. तेव्हा मी विशीतला पोरगा, मागच्या रांगेत बसून ‘आपली भाषा, आपला शब्द’ वगैरे ऐकून भारावून घरी आलो होतो. त्याच माझ्या ‘चांगला आहे’ या दोन शब्दांना पेढीवर किंमत उरली नव्हती.

आठ वर्षांनी, २००३ मध्ये, गोदामासाठी एक मुलगा आला. माझ्याच भागातला. शेठ चष्मा पुसत पुसत म्हणाले, “याला ओळखता का?” मी म्हटलं, “घर ओळखतो. मुलगा कामाला कसा आहे ते माहीत नाही. पैशाच्या बाबतीत तर मुळीच माहीत नाही.” शेठ काही बोलले नाहीत. त्याला गाठी मोजायला ठेवलं, रोकड हातात दिली नाही. दुसऱ्या आठवड्यात एका नव्या मागवाल्याचा कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “याच्याबद्दल चौकशी करून सांगा.” ‘माहीत नाही’ म्हणता यायला मला अकरा हजार रुपये आणि आठ वर्षं लागली.

पहिली पत उसनी असते, हे मी आपल्याच गावच्या एका मोठ्या माणसाच्या चरित्रातही पाहिलं. शेठ वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. सिंदिया जहाज कंपनी, बंगळूरचा विमानांचा कारखाना, वालचंदनगर ही सगळी नंतरची गोष्ट. धंद्यातला त्यांचा खरा आरंभ झाला तो बार्शी लाइट रेल्वेच्या कामाच्या कंत्राटातून. कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी ती अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली होती आणि पुढे ती वाढवायची होती. वालचंद तेव्हा विशीच्या सुरुवातीला. त्यांना रेल्वेत कोण ओळखणार? त्यांना भेटले लक्ष्मणराव फाटक, रेल्वेत कारकुनी केलेले. फाटकांना काम ठाऊक होतं, रेल्वेतली माणसं ठाऊक होती, पण भांडवल नव्हतं. वालचंदांच्या मागे घराण्याचं नाव आणि पैसा होता. फाटक-वालचंद अशी भागीदारी झाली. एकाने आपली ओळख लावली, दुसऱ्याने वाडवडिलांचं नाव. पुढे १९१९ मध्ये सिंदिया कंपनी उभी राहिली तेव्हा वालचंदांबरोबर होते नरोत्तम मोरारजी, म्हणजे आमच्या आजोबांची गिरणी काढणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. मला यात गंमत वाटते. वालचंदांना ज्यांच्यामुळे पहिलं काम मिळालं, त्या कारकून फाटकांचं नाव आज सोलापुरात किती जणांना माहीत आहे? स्वतः कारकून असल्यामुळे मला ते जास्त खुपत असेल.

न विचारता उसनी घेतलेली पतही आपण पाहतोच. भलत्याच गावी विणलेल्या चादरीवर ‘सोलापुरी’ असं छापलेलं मी स्वतः पाहिलं आहे. शेवटी २००५ च्या सुमारास सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं. ते चांगलंच झालं. पण नक्कल बाहेरच्यांनीच केली असं नाही. कच्चा रंग वापरून पहिल्या धुण्यातच बादली लाल करणारी चादर आपल्यातल्यांनीही विकली, हे पेढीवरच्या माणसाने लपवू नये.

असो. भाच्याकडे येतो.

मी त्याला म्हटलं, सही करीन, पण आधी तुझी वही दाखव. वही कसली, मोबाइलमध्येच थोडंफार लिहिलेलं. त्यात कळलं की त्याने घरच्या एका मशिनवर, रात्री जागून, एका शाळेच्या चारशे गणवेशांचं काम आधीच अंगावर घेतलं आहे. आगाऊ रक्कमही घेतली आहे. कापड रंगाईत अडकलं होतं. मे महिना सुरू झालेला, पंधरा जूनला शाळा. मी विचारलं, “होतील का चारशे?” म्हणाला, “दोनशे नक्की. बाकीचे बघू.” शाळेला सांगितलंस का? नाही. सांगितलं तर ऑर्डर जाईल.

मी म्हटलं, आधी शाळेत जाऊन ये, मग माझ्याकडे ये. तो चिडला. माझी बहीणही चिडली. सख्ख्या मामाने अशी अट घालावी? चार दिवस आमच्याकडे कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी तो गेला. मुख्याध्यापकबाईंनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि दोनशे गणवेशांचं काम काढून दुसऱ्याला दिलं. खरं बोलल्याचं बक्षीस मिळालं असं सांगता आलं असतं, तर या भाषणाला शोभलं असतं. तसं झालं नाही. निम्मी आगाऊ रक्कम परत करायला त्याला बायकोची अंगठी मोडावी लागली. उरलेले दोनशे त्याने नऊ जूनला पोहोचवले.

दहा तारखेला मी बँकेत जाऊन सही केली. साहेबांनी विचारलं, “मुलगा कसा आहे?” तीस वर्षांनी तोच प्रश्न! या वेळी मी जे माहीत होतं तेवढंच सांगितलं. सात वर्षं एका जागी काम केलं आहे, हात चांगला आहे, अंदाज कच्चा आहे, आणि उशीर होणार असला तर सांगायला येतो. साहेबांनी त्यातलं काही लिहून घेतलं नाही. त्यांच्या कागदावर तशी जागाच नव्हती.

यंदा त्या शाळेने त्याला पुन्हा काम दिलं का, असं आपण विचाराल. दीडशे गणवेश दिले आहेत, चारशे नाही. बाई बघताहेत. बँकेचे हप्ते सुरू आहेत. त्याला आता आकडाही मिळाला आहे, परवा मोबाइलवर दाखवत होता. पुढचा हप्ता पाच तारखेला आहे. तीन तारखेला मी त्याला फोन करणार नाही, असं ठरवलं आहे. जमेल की नाही, सांगता येत नाही.